करंजाच्या मुळातला गुलाबी रंग

बाळांनो, करंजाला कुणी खत घातलेलं पाहिलंत कधी? खाडीच्या काठाला, भरतीचं खारट पाणी मुळांपर्यंत येतं तिथे हा उभा. रस्त्याकडेच्या मुरमात उभा. वैशाखात कितीतरी झाडं उघडीबोडकी दिसतात, तेव्हा याच्या खाली मात्र दाट, गार सावली. मला या झाडाचं फार कौतुक आहे. का, ते सांगायचं तर थोडं जमिनीखाली जावं लागेल.

झाडाला वाढायला नायट्रोजन हवा. त्याच्याशिवाय प्रथिनं होत नाहीत, पानाला हिरवा रंगही येत नाही. हवेत तो ७८ टक्के आहे, पण त्याचे दोन-दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की झाडाला त्याचा काडीचा उपयोग नाही. ती जोडी फोडायला माणसाला ४०० अंशांच्या वर उष्णता आणि प्रचंड दाब लागला. असा पहिला मोठा कारखाना जर्मनीत १९१३ साली सुरू झाला आणि आपला युरियाही त्याच वाटेने तयार होतो. करंज मात्र हे काम गार मातीत करवून घेतो.

करवून घेतो म्हटलं, कारण त्याला स्वतःला ते येत नाही. ते येतं मातीतल्या रायझोबियम जातकुळीच्या जीवाणूंना. म्हणून करंजाचं कोवळं मूळ मातीत एक रसायन सोडतं, म्हणजे सांगावाच धाडतं. जीवाणू आपलं रसायन सोडून त्याला उत्तर देतात. उत्तर पटलं की मुळावरचा केसासारखा बारीक तंतू वाकतो, जीवाणूला कवेत घेतो आणि आतपर्यंत जाणारी एक नळी तयार करतो. जीवाणू तिच्यातून आत शिरतात, वाढतात, आणि मुळावर गाठ येते. तूर, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवर असतात तशाच या गाठी. करंज त्यांच्याच कुळातला. झाड जीवाणूंना साखर देतं, ते झाडाला नायट्रोजन देतात.

पण खरी गंमत पुढे आहे. नायट्रोजन फोडणारं जीवाणूंचं विकर ऑक्सिजन लागला की निकामी होतं, आणि जीवाणूंना श्वासाला तर ऑक्सिजनच हवा! यावर तोडगा काय निघाला, तो डोळ्यांनी बघता येतो. पावसाळ्यात करंजाच्या रोपाजवळची माती हलक्या हाताने सारा, मुळावरची एक गाठ काढा आणि नखाने चिरा. आत गुलाबी रंग दिसेल. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं हे चुलत भावंड! ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जीवाणूंना बेताबेताने देतं, म्हणजे त्यांचा श्वासही चालतो आणि विकरही वाचतं. गाठ आतून हिरवट किंवा तपकिरी निघाली तर समजा, तिचं काम संपलं.

ही कमाई करंज एकट्यापाशी ठेवत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला जुनी पानं गाळतो आणि थोड्याच दिवसांत तांबूस, चकचकीत पालवीने भरून जातो. मग फिकट जांभळ्या-गुलाबी फुलांचे घोस येतात, मधमाश्यांची गर्दी होते आणि झाडाखाली फुलांचा सडा पडतो. हे सगळं कुजून मातीत जातं. झाडून, पेटवून देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. बियांचं कडू तेल पूर्वी दिव्यात जळायचं, आणि उरलेली पेंड आजही शेताला घालतात. बी मात्र तोंडात घालू नका, विषारी असतं.

पानांवर बोंडासारखे फोड दिसले तर घाबरू नका. डोळ्यांना न दिसणारी एक कोळीकीड ते घडवते आणि आतच राहते. कोळ्याच्या कुळातली असून तिला आठ नाही, चारच पाय! झाड त्याने मरत नाही.

आता लावायचा कसा? उन्हाळ्यात पिकलेल्या, तपकिरी, चपट्या शेंगा गोळा करा. शेंग आपणहून उकलत नाही, दगडाने हळूच फोडावी लागते. आत बहुधा एकच लालसर बी निघतं. ते ताजंच पेरा, फार दिवस ठेवलं तर उगवत नाही. पिशवीतल्या मातीत दोन बोटं खोल पुरलं की साधारण दोन आठवड्यांत कोंब दिसतो. सोटमूळ पिशवीत वेटोळं घालायच्या आत, पावसाच्या सुरुवातीला, रोप जमिनीत लावा. घराच्या भिंतीपासून लांबच. खड्ड्यात युरिया घालू नका. आयता नायट्रोजन मिळाला की झाड गाठी धरायचं टाळतं. त्यापेक्षा पिशवी भरतानाच जुन्या करंजाखालची मूठभर माती मिसळा. त्याच्या ओळखीचे जीवाणू तिच्यात असतात. पहिले दोन उन्हाळे पाणी घाला, पुढचं तो बघून घेईल.