बाफला, भुट्टा आणि शिश तौक

एक कोडं घालू? बाफला उकळत्या पाण्यातून काढला की कसा दिसतो? फिकट, गुळगुळीत आणि ओला! वास घे. काही खास नाही! मग आजी तोच बाफला गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर ठेवते. थोड्याच वेळात त्यावर तपकिरी डाग पडतात, आणि असा खमंग वास सुटतो की शेजारच्यांनाही कळतं, आज यांच्याकडे दाल-बाफले!

पीठ तेच. मीठ तेच. मोहनही तेच. मग हा वास आला कुठून?

ओळख बघू!

हरलास? हरलीस? ऐक तर. तो वास बाहेरून कुणी घातलाच नाही. तो बाफल्याच्या सालीवर, तिथल्या तिथे, नव्यानं तयार झाला!

१९१२ साली लुई कामिय मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं ही गंमत जगाला सांगितली. गंमत म्हणजे तो स्वयंपाक करतच नव्हता! त्यानं साखर घेतली. सोबत अमिनो आम्लं घेतली. आपल्या अन्नातली प्रथिनं ज्या चिमुकल्या तुकड्यांची बनलेली असतात ना, ती ही अमिनो आम्लं. दोन्ही एकत्र तापवली, आणि मिश्रण चक्क तपकिरी झालं! आज आपण त्याला मायार अभिक्रिया म्हणतो. तिच्यातून एक-दोन नाही, शेकडो नवे वास आणि चवी जन्माला येतात. पोळीवरचे डाग, टोस्टचा रंग, शेंगदाण्यांचा खमंगपणा, सगळी हिचीच करामत!

मग पाण्यात ही करामत का होत नाही? कारण पाणी आहे वर्गाच्या मॉनिटरसारखं! मॉनिटर समोर उभा असेपर्यंत दंगा एका मर्यादेपलीकडे जातच नाही. तसंच, पाणी असेपर्यंत तापमान उकळबिंदूच्या वर चढत नाही. तो १०० अंश सेल्सिअस, असं पुस्तकात असतं. पण आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचावर आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं! आणि मायारची करामत झपाट्यानं व्हायला तापमान हवं १४० अंशांच्या आसपास. म्हणून आधी पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन निघून जायला हवं. मॉनिटर बाहेर गेला रे गेला, की तपकिरी दंगा सुरू!

हे एवढं कळलं ना, की अरबी पद्धतीचं भाजणं तुला निम्मं आलंच!

लेबनॉन-सीरियाकडे शिश तौक करतात. कोंबडीचे बिनहाडाचे तुकडे दही, लिंबू आणि लसणात मुरवायचे, शिगेवर ओवायचे आणि निखाऱ्यावर भाजायचे. खिम्यात कांदा आणि हिरवा पाला घालून शिगेवर थापला, की झाला कोफ्ता कबाब. सोबत भाजलेले टोमॅटो आणि कांदे. अरब लोकांचा हा नाद जुना बरं का! बगदादमध्ये तर दहाव्या शतकातच पाककृतींचं जाडजूड पुस्तक लिहिलं गेलं.

आता आणखी एक गंमत. त्यांच्या ताटात वांगंही असतं. अख्खं वांगं आगीवर भाजतात, साल काढतात, गर ठेचतात. त्यात तिळाची पेस्ट, लिंबू आणि लसूण घालतात. त्याला म्हणतात मुतब्बल. अगं बाई, हे तर आपल्या भरिताचं भावंड! वांगं आपल्याकडून पश्चिमेला गेलं. अरबांनी ते पार स्पेनपर्यंत पोहोचवलं. आणि टोमॅटो, मिरची, मका? ते सगळे अमेरिका खंडातले! कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचला, त्यानंतरच ते इकडे आले. म्हणजे ज्या भुट्ट्याशिवाय आपला पावसाळा अपुरा वाटतो, ज्याचा कीस खायला आपण रात्री सराफ्यात जातो, तो मूळचा पाहुणाच!

भुट्टेवाल्याच्या शेगडीकडे कधी नीट बघितलंयस? तो पंख्यानं वारा घालतो. कोळशाला जास्त ऑक्सिजन मिळतो, आणि कोळसा लालभडक होतो. आता दचकू नकोस हं! जी वस्तू तापून अंधारात लाल दिसू लागते, ती किमान ५२५ अंशांच्या आसपास तापलेली असते. कोळसा असो, लोखंड असो, दगड असो, आकडा तोच! जॉन ड्रेपर या शास्त्रज्ञानं १८४७ साली हे दाखवलं. म्हणजे तो लाल निखारा न बोलता आपलं तापमान सांगत असतो!

आणि बघ, भुट्टा निखाऱ्याला चिकटलेला नसला तरी भाजतो. निखाऱ्यातून न दिसणारे उष्णतेचे किरण निघतात, ते थेट दाण्यांवर आदळतात. म्हणून ज्वाळा नकोत, निखारे हवेत. ज्वाळेनं वरून काजळी धरते आणि आत कच्चं राहतं. कोळशावर राखेची पांढरी साय आली, की समजायचं, आता शिगा ठेवायच्या.

घरी करायचं? मोठ्यांना सोबत घे, आणि जागा उघडीच हवी, गच्ची किंवा अंगण. बंद खोलीत कोळसा कधीच पेटवायचा नाही! त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेऊ शकतो. गच्ची नसेल तर लोखंडी तवा झक्कास!

घरात मांस खात नाहीत? मग पनीर घे. त्यातही प्रथिनं आहेतच. दह्यालिंबात काही तास मुरू दे. भाजण्याआधी जास्तीचं दही निथळून टाक. का ते आता तूच सांगू शकशील! भाज्यांची शीग मात्र वेगळी ठेव. टोमॅटो लवकर मऊ पडून गळतो, कोंबडीला वेळ लागतो. लोखंडी शीग स्वतः तापून तुकड्याला आतूनही शिजवते, म्हणून तिला हात लावायचा नाही. लाकडी काडी असेल तर आधी अर्धा तास पाण्यात भिजव, म्हणजे पटकन जळणार नाही. कोंबडी आतून गुलाबी दिसली, तर परत निखाऱ्यावर! कांदा मात्र निवांत भाजू दे. त्याचा झणझणीतपणा उडून जातो आणि लपलेली साखर जिभेला कळते. शेवटी आपलं जीरावन भुरभुरव. आधी घातलंस तर मसाला जळून कडू होईल.

येत्या रविवारी एक प्रयोग कर. पनीरचे दोन सारखे तुकडे घे. एक स्वच्छ फडक्यानं कोरडा पूस, दुसरा पाण्यात बुडवून ओला ठेव. आईबाबांना ते एकाच वेळी गरम तव्यावर ठेवायला सांग आणि घड्याळ लाव. कोणता आधी तपकिरी झाला, आणि किती मिनिटं आधी, ते आम्हाला नक्की लिहून कळव!