सूचक, अनुमोदक

विषय क्रमांक १ : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्रमांक २ : जलशुद्धीकरण केंद्रासाठी तुरटी व टीसीएल पावडर खरेदीच्या वार्षिक दरांस मंजुरी देणे. विषय क्रमांक ३ : आठवडी बाजार वसुलीच्या ठेक्याबाबत विचारविनिमय करणे. पुढे गटारांवरची झाकणे, शाळेची संरक्षक भिंत, लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नेमणूक, एका चौकाचे नामकरण. नवव्या क्रमांकावर मैदानाच्या आरक्षणाबाबत आलेली खरेदी सूचना. आणि सगळ्यात शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’.

तालुक्याच्या ठिकाणच्या एका नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची ही विषयपत्रिका. गाव ब वर्गातले, म्हणजे ४० हजार ते १ लाख लोकवस्तीचे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे अशी सभा दर दोन महिन्यांनी व्हावी लागते आणि तिची नोटीस सात पूर्ण दिवस आधी सदस्यांना मिळावी लागते. नोटीस बजावल्याचा दिवस यात धरायचा नाही, सभेचा दिवसही नाही. त्यामुळे सभा लिपिक असलेल्या ताईंची खरी धावपळ सभेच्या दहा-बारा दिवस आधीच सुरू होते. पाणीपुरवठा, बांधकाम, आरोग्य, नगररचना अशा एकेका विभागाकडून टिपण्या मागवायच्या, मुख्याधिकाऱ्यांची सही घ्यायची, विषय अध्यक्षांपुढे ठेवायचे, छापून आले की शिपायाच्या हाती पोच वही देऊन त्याला घरोघर धाडायचे. विषयपत्रिका मोबाइलवर आदल्या रात्रीच सगळ्यांना गेलेली असते. तरी वहीतली सही चुकत नाही. पुढेमागे कोणी ‘मला नोटीस मिळालीच नाही’ म्हणाले, तर दाखवायला तीच वही असते.

विषयाची ओळ सगळे वाचतात, टिपणी फार थोडे. मला मात्र सभेचा जीव त्या टिपणीत दिसतो. हे काम कशासाठी, पैसा कोणत्या लेखाशीर्षातून, दर किती आले, सर्वांत कमी कोणाचा, याआधी काय ठरले होते, हे सगळे त्या पान-दीड पानात असते किंवा असायला हवे. टिपणी नीट असेल तर सभेतला प्रश्न नेमका येतो. ती मोघम असेल तर सभेला ज्यावर निर्णय घ्यायचा तेच तिच्यापुढे नसते.

सभा नागरिकांना खुली असते. मागच्या भिंतीलगत खुर्च्या मांडलेल्या असतात, तिथे मी बसते. समोर व्यासपीठावर नगराध्यक्षा, उपाध्यक्ष आणि मुख्याधिकारी, ज्यांना सगळे ‘सीओ साहेब’ म्हणतात. व्यासपीठाखाली एका बाजूला ताईंचे टेबल : रजिस्टर, रेकॉर्डर, विषयवार लावलेल्या फाइली. सदस्य नालाकृती मांडणीत, पक्षवार. दोन महिन्यांत गावातले जे जुने लोक गेले त्यांच्यासाठी दुखवट्याचा ठराव होतो, सभागृह उभे राहते, मग कामकाज सुरू होते.

ताई विषय वाचतात. एक सदस्य ‘सूचक’ म्हणून हात वर करतो, दुसरा ‘अनुमोदक’ म्हणून. सात-आठ आवाज एकदम ‘मंजूर, मंजूर’ म्हणतात. तुरटी आणि टीसीएलचा विषय असाच गेला, मिनिटभरही लागले नाही. मंजूर व्हायला तो योग्यच होता. पण त्या मिनिटात गावाचे एक वर्षाचे पिण्याचे पाणी होते, म्हणून त्यावर थोडे थांबावेसे वाटते. जूनमध्ये नदीला पहिला लोंढा आला की पाण्याचा गढूळपणा एकदम चढतो. केंद्रावरचा माणूस काचेच्या भांड्यांत तेच पाणी घेऊन प्रत्येकात तुरटीचे वेगळे प्रमाण टाकतो, ढवळतो, गाळ कशात चांगला बसतो ते पाहतो आणि त्या दिवसाचा डोस ठरवतो. उन्हाळ्यातली तुरटी पावसाळ्यात पुरत नाही. गाळलेल्या पाण्यात टीसीएल पावडरीतला क्लोरीन मिसळायचा तोही अशा बेताने, की टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला मिळावा. दर वेळेत मंजूर झाले तर ठेकेदाराला पुरवठा आदेश मेअखेर जातो. सभा लांबली तर माल उसनवारीवर किंवा तातडीच्या अधिकारात आणावा लागतो आणि मग सभेपुढे ‘कार्योत्तर मंजुरी’ म्हणून येतो. पाणी लोकांनी पिऊन झालेले, तुरटी विरघळून गेलेली; अशा वेळी सभेला नाही म्हणण्याची जागाच उरत नाही. म्हणून विषयपत्रिकेत ‘कार्योत्तर’ हा शब्द किती वेळा येतो, ते मी आधी पाहते.

वारसाच्या नेमणुकीचा विषयही असाच झटकन झाला. ज्याची नेमणूक व्हायची तो मुलगा माझ्या शेजारीच उभा होता. वडील पहाटे गावाची गटारे काढत निवृत्त झाले होते. आपला विषय संपला हे त्याला कळलेच नाही. शिपायाने खूण केली, तेव्हा त्याने आईला फोन लावला.

नामकरणाला मात्र अर्धा तास गेला. दोन नावे होती, दोन्ही आदरणीय माणसांची, आणि दोन्ही बाजूंनी मनापासून बोलले गेले. चौकाचे नाव हा मानाचा प्रश्न असतो, तो लोकांना जवळचा वाटतो, यात गैर काही नाही. पण या अर्ध्या तासानंतर सभागृह थकते, चहा येतो, दोघे-तिघे बाहेर जातात, आणि नेमका तेव्हा नववा विषय येतो.

विषय पत्रिकेत दोन ओळींचा होता : अमुक सर्व्हे नंबरमधील खेळाच्या मैदानाच्या आरक्षणाबाबत जागामालकाकडून प्राप्त खरेदी सूचनेवर निर्णय घेणे. यामागे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचे कलम १२७ आहे. विकास आराखड्यात एखादी जागा मैदान, शाळा, दवाखाना यांसाठी राखून ठेवली आणि आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत ती ताब्यात घेतली नाही, तर मालक पालिकेला सूचना देऊ शकतो : माझी जागा घ्या, नाही तर सोडा. सूचना बजावल्यापासून २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप संपते. त्यासाठी कोणाची सही लागत नाही, कुठला आदेश लागत नाही. कायद्याची ही अट मला न्याय्य वाटते; माणसाची जमीन नकाशावर रंगवून पिढ्यान्‌पिढ्या अडकवून ठेवता येत नाही. पण त्यामुळेच पालिकेतल्या गप्प राहण्याला इतकी किंमत येते. बाकी विषयांत निर्णय झाला नाही तर काम अडते, इथे निर्णय झाला नाही तर मैदान जाते.

‘मंजूर’ हा आवाज आला होता. इतक्यात पहिल्यांदाच निवडून आलेल्या एक नगरसेविका उठल्या.

“अध्यक्ष मॅडम, टिपणीत सूचनेची तारीख नाही. ती पालिकेला मिळाली कधी?”

रचना सहायकांनी फाइल चाळली. “आवक बघून सांगतो, मॅडम.”

“बघा ना, आम्ही थांबतो.”

सभागृह थांबले. रचना सहायक खाली जाऊन आवक नोंदवही घेऊन आले. सूचना येऊन १४ महिने झाले होते.

एक जुने सदस्य म्हणाले, “मग आजच ठराव घ्या. संपादन करायचे म्हणून टाका.”

सीओ साहेबांनी माइक ओढला. “भाऊ, ठराव घेऊच. पण ठराव म्हणजे पाऊल उचलले असे कोर्ट धरत नाही. प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊन अधिसूचनेपर्यंत पोचला पाहिजे, तोही मुदतीत.”

त्यांचे म्हणणे बरोबर होते. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात हाच अर्थ लावला : संपादनाची मागणी करणारा ठराव किंवा पत्र पुरेसे नाही, प्रत्यक्ष संपादनाकडे नेणारी, कायद्यातली पावले पडली पाहिजेत. मग चर्चा खरी सुरू झाली. रोख मोबदला द्यायचा तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने रक्कम किती होईल, मालक टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, घ्यायला तयार होईल का, अंदाजपत्रकात तरतूद कुठल्या शीर्षात आहे. अंदाजपत्रकाच्या विशेष सभेत भूसंपादनासाठी ठेवलेली रक्कम कोणाच्याच लक्षात नव्हती. लेखापालांनी ती वाचून दाखवली तेव्हा दोन सदस्यांनी ती आपल्या डायरीत टिपून घेतली. पाऊण तास चाललेली ही चर्चा त्या दिवशीचे सगळ्यात चांगले काम होते. सगळे पक्ष एका बाजूला होते असे नाही. एका गटाचे म्हणणे होते की गावात दुसरे मैदान आहे, पैसा गटारांसाठी वापरावा. तेही ऐकण्यासारखे होते. फरक इतकाच, की आता सभागृह मैदान ठेवायचे की सोडायचे हे डोळे उघडे ठेवून ठरवत होते.

ठराव आणि त्याचा अंमल यांतले अंतर महाराष्ट्राने फार कडू रूपात पाहिले आहे. १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपला चवदार तळ्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले; घाट होता तसाच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, तेव्हा कुठे त्या ठरावाला अर्थ आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालिकेने तो ठराव मागे घेतला, आणि तळ्यावरचा हक्क शाबीत व्हायला उच्च न्यायालयाचा १९३७ चा निकाल लागला. महाडचे नाव आपण सत्याग्रहासाठी घेतो आणि ते योग्यच आहे. पण नगरपालिकेच्या दप्तरात त्या साऱ्या इतिहासाची सुरुवात आणि माघार सूचक-अनुमोदकांनी झालेली आहे.

ऐनवेळच्या विषयांबद्दल मी सौम्य लिहू शकत नाही. नालेसफाईची निकड, साथीचा उद्रेक, सरकारी योजनेची संपत आलेली मुदत अशी कारणे खरी असतात आणि तेवढ्यापुरती वाट मोकळी हवीच. पण ज्या विषयाला सात दिवसांची नोटीस नाही, टिपणी नाही, दर नाहीत, आणि जो खुर्च्या सरकू लागल्यावर वाचला जातो, तो सदस्यांच्या अधिकारावरच घाला असतो. त्या दिवशी असे चार विषय आले. दोन खरोखर निकडीचे होते. व्यापारी गाळ्यांच्या मुदतवाढीचा तिसरा विषय त्याच नगरसेविकेने अडवला. “टिपणी द्या, पुढच्या सभेत घ्या,” एवढेच त्या म्हणाल्या. अध्यक्षांनी तो तहकूब ठेवला.

सभा संपते तेव्हा ताईंचे काम निम्मे झालेले असते. पुढचे चार-पाच दिवस त्या रेकॉर्डर लावून ऐकतात. तीन माणसे एकदम बोललेली असतात, कोणी गाऱ्हाणे घातलेले असते, कोणी विषय सोडून वॉर्डातल्या दिव्याबद्दल बोललेला असतो. यातून प्रत्येक विषयाखाली ठरावाचा मजकूर लिहायचा : चर्चेअंती काय ठरले, खर्च कशातून, कोणाला अधिकार दिले, सूचक कोण, अनुमोदक कोण, सर्वानुमते की बहुमताने. एक शब्द सैल पडला तर वर्षभराने तो अंगावर येतो. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे लोक आले की आधी ठराव क्रमांक मागतात, भाषणे कोणी मागत नाही. आणि ठराव थांबवा म्हणून नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली कोणी जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले, तर तिथेही हाच मजकूर वाचला जातो.

“प्रशासक होते तेव्हा सोपे होते का हो?” मी ताईंना विचारले. २०२५ च्या डिसेंबरातल्या निवडणुकांआधी कित्येक वर्षे इथे निवडून आलेली सभाच नव्हती. प्रस्ताव प्रशासनाचा, मंजुरीही प्रशासकांची.

“लिहायला सोपे होते,” त्या म्हणाल्या. “सूचक नाही, अनुमोदक नाही, विरोध नाही. महिन्याला चाळीस-चाळीस ठराव लिहिलेत मी. पण सूचना कधी मिळाली, हे विचारणारे कोणी नव्हते बघा.”

विरोधाची नोंद त्या फार जपून घेतात. नाव, कारण, सदस्याच्याच शब्दांत. महात्मा फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर १ हजार रुपये खर्च करण्याला त्या सभेत त्यांनी एकट्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा असे त्यांचे म्हणणे होते. खर्च झालाच. पण त्या दिवशी कोण काय म्हणाले हे आज आपल्याला सांगता येते. आमच्या सभेत मैदान संपादित करण्याच्या ठरावाला तीन सदस्यांनी विरोध नोंदवला. गटारांना आधी पैसा द्या, हे त्यांचे कारण ताईंनी पूर्ण लिहिले आहे.

पुढच्या सभेत विषय क्रमांक १ आला, तेव्हा त्या नगरसेविका छापील इतिवृत्तावर पेन्सिलीच्या खुणा करून आल्या होत्या. मैदानाच्या ठरावात ‘खरेदी सूचना प्राप्त’ एवढेच होते. तिथे प्राप्त झाल्याची तारीख आणि २४ महिने कधी पुरे होतात ती तारीख, दोन्ही घालावीत अशी दुरुस्ती त्यांनी सुचवली. गटारांसाठी विरोध करणाऱ्यांपैकी एकाने अनुमोदन दिले. ताईंनी दुरुस्ती लिहून घेतली, अध्यक्षांनी सही केली, इतिवृत्त कायम झाले. ठरावाचा उतारा दुसऱ्या दिवशी नगररचना शाखेकडे गेला. प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयात दाखल करायचा तर आधी जागेची मोजणी हवी, मोजणीचे शुल्क भूमी अभिलेख कार्यालयात भरायला हवे, आणि त्या शुल्काचा विषय स्थायी समितीच्या येत्या सभेच्या पत्रिकेत चौथ्या क्रमांकावर लागला आहे. या वेळी टिपणीत पहिलीच ओळ मुदतीच्या तारखेची आहे.