जखमेवरचा मध : औषधाला पर्याय की जोडीदार? (लेखांक ४)

जिवाणू औषधांना कसे दाद देईनासे होतात, हे मागच्या लेखात आपण पाहिले. त्यावर स्वाभाविक प्रश्न येतो: सुश्रुताच्या काळापासून जखमेवर मध लावला जातो, मग आता अँटिबायोटिक सोडून मधाकडेच का वळू नये? हा प्रश्न दोघांपैकी एकाची निवड करायला सांगतो, आणि माझ्या मते त्याची मांडणीच तिथे चुकते. उपलब्ध पुरावा मधाला पर्याय म्हणून नव्हे, तर जोडीदार म्हणून पुढे आणतो.

याचे कारण मधाच्या कामाच्या पद्धतीत आहे. मधात सुमारे ८० टक्के साखर असते. ती जिवाणूंतले पाणी ओढून घेते. मुरांबा टिकतो तो याच न्यायाने. शिवाय मध आम्लधर्मी असतो. जखमेतल्या स्रावाने तो पातळ झाला की मधमाशीकडून त्यात आलेले ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर कामाला लागते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड थोडे थोडे तयार होत राहते. न्यूझीलंडमधल्या मनुका झुडपाच्या मधात मात्र हे पेरॉक्साइड निष्प्रभ केले तरी जिवाणूविरोधी गुण उरतो, असे वायकाटो विद्यापीठाचे पीटर मोलन यांनी दाखवले. त्यामागचे मुख्य रसायन मिथाइलग्लायॉक्सल असल्याचे २००८ मध्ये उघड झाले. अँटिबायोटिक बहुधा जिवाणूच्या एखाद्याच मर्मावर घाव घालते. मध एकाच वेळी अनेक बाजूंनी त्रास देतो.

या दोघांना एकत्र आणल्यावर काय होते? कार्डिफमधील रोवेना जेन्किन्स आणि रोझ कूपर यांनी २०१२ मध्ये दाखवले, की ऑक्सॅसिलिनला न जुमानणारा एमआरएसए हा जिवाणू मनुका मधाच्या सान्निध्यात त्याच औषधाला पुन्हा बळी पडतो. २०१३ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी मध आणि रिफाम्पिसिन यांची जोडी तपासली. एकट्या रिफाम्पिसिनसमोर वाढवलेले स्टॅफिलोकोकस जिवाणू एका रात्रीत प्रतिकारक्षम झाले. सोबत मध असताना तसे झाले नाही. नुसते मिथाइलग्लायॉक्सल वापरून मात्र ही किमया साधली नाही. क्षयरोगाच्या उपचारातही याच प्रतिकाराच्या भीतीने रिफाम्पिसिन एकटे देत नाहीत, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या निष्कर्षाचे मोल वेगळे सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप असा, की काचेच्या बशीतला जिवाणू म्हणजे रुग्णाची जखम नव्हे. तो रास्त आहे. माणसांवरच्या चाचण्या एकसुरात बोलत नाहीत. १९९१ मध्ये सोलापूरच्या एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मध लावलेल्या ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या, तर सिल्व्हर सल्फाडायझिन या औषधाने केवळ ७ टक्के. उलट २००८ मध्ये न्यूझीलंडमध्ये पायाच्या शिराजन्य व्रणांवर ३६८ जणांची चाचणी झाली, तेव्हा मधाच्या ड्रेसिंगने बारा आठवड्यांत व्रण भरण्यात लक्षणीय फरक पडला नाही, वेदनेच्या तक्रारी मात्र वाढल्या. कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्याने २६ चाचण्या एकत्र मांडल्या. वरवरच्या भाजण्यात आणि शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गात मधाला अनुकूल कौल मिळाला. बाकी बहुतेक जखमांबाबत पुरावा तोकडा ठरला. पण ही उलटसुलट साक्ष मध एकट्याने काय करतो, याची आहे. त्यातून पर्यायाचा दावा लंगडा पडतो, जोडीचा नव्हे; जोडीची खरी परीक्षा रुग्णांवर अजून व्हायची आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी: मग घरातलीच बाटली का नको? कारण कच्च्या मधात क्लॉस्ट्रिडियम या घातक जिवाणूचे बीजाणू असू शकतात. वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, आणि त्याची जिवाणूविरोधी ताकद तपासलेली असते. फुलोरा बदलला की मध बदलतो, म्हणून 'मध गुणकारी' हे विधान 'गोळी गुणकारी' म्हणण्याइतकेच मोघम आहे. कोणता मध, कोणत्या औषधासोबत, कोणत्या जखमेवर, एवढे ठरवून चाचण्या झाल्या तर हाताशी असलेल्या जुन्या औषधांचे आयुष्य वाढू शकेल. जखमेत चिकट थर करून राहणारे जिवाणू या जोडीला कितपत दाद देतात, ते पुढच्या लेखात पाहू.