आधी सावली, मग आवाज

‘कानावर येतं ते’ : लेखांक ९

गेल्या लेखांकात वीज आणि गडगडाट यांच्यामधले सेकंद मोजले. तो वाचून ओळखीच्या दोघातिघांनी एकच तक्रार केली. वीज काय, वर्षातले दोन-तीन महिने; आमच्या डोक्यावरून सुखोई बाराही महिने जातं, त्याचं काय? तक्रार करणारे सगळे लोहगाव, धानोरी, विमाननगर या पट्ट्यातले. म्हणून आज लढाऊ विमान. तेही अगदी खालून जाणारं.

मीही त्याच पट्ट्यात वाढलो. शाळेत भूगोलाचे सर विमान आलं की बोलता बोलता थांबायचे. खडू फळ्याला टेकलेला, ओठ मिटलेले, नजर पंख्याकडे. आवाज ओसरला की वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच, कधी कधी नुसत्या क्रियापदापासून, पुढे सुरू. त्यात कुणाला हसण्यासारखं काही वाटत नसे. घरी आईची वेगळी अडचण होती. कुकरची तिसरी शिट्टी आणि विमान एकदमच आलं की डाळ कच्ची राहिली की गाळ झाली, हे झाकण उघडेपर्यंत कळत नसे.

हा उड्डाणाचा आवाज. सुखोई ३० एमकेआयला दोन इंजिनं. आफ्टरबर्नर लावला, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या वायूतच पुन्हा इंधन फवारून पेटवलं, की प्रत्येक इंजिन साधारण साडेबारा टन जोर लावतं. तो आवाज लपत नाही, लपावा अशी कुणाची अपेक्षाही नसते. धावपट्टीच्या टोकाशी राहणाऱ्या माणसाला तो वर चढताना ऐकू येतो, सरावाचा होतो, आणि पाहुणे आले की आपण अभिमानाने सांगतो, ‘हे काहीच नाही, रात्रीचं ऐका.’

खालून जाणाऱ्या विमानाची गोष्ट निराळी. ते मला पुण्यात नाही, शिरूरच्या पुढे मामाच्या शेतात भेटलं. हुरड्याचे दिवस. मामा ज्वारीला पाणी देत होता, खोरं घेऊन दारं मोडत होता, आणि ओल्या वाफ्यात पाच-पंचवीस बगळे किडे टिपत फिरत होते. बगळे एकदम उठले. का उठले म्हणून मी मान वर करतोय तोवर ज्वारीवरून एक सावली सपकन गेली. विमान दिसलं तेव्हा ते बांधावरच्या बाभळीपलीकडे पोचलेलं होतं. आणि मग आवाज, मांजरपाटाचा ताका कुणी एका दमात टर्रकन फाडावा तसा. खुंट्याचा बैल दावं ताणून मागच्या पायांवर बसला. मामा खोऱ्यावर हात ठेवून म्हणाला, ‘आलं कवा न् गेलं कवा.’

मामाच्या या वाक्यातच आजचा विषय आला. आता ते आकड्यांत बघू.

कमी उंचीवरून जाणारं लढाऊ विमान ताशी ९०० किलोमीटरने जातंय असं धरा. म्हणजे सेकंदाला २५० मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. विमान दोन किलोमीटरवर असताना त्याने केलेला आवाज तुमच्यापर्यंत यायला जवळजवळ सहा सेकंद लागतात. विमानाला यायला आठ. सावध व्हायला उरले दोन सेकंद. पाच किलोमीटरवर असतानाचा आवाज पाचेक सेकंद आधी येतो खरा, पण तो इतका क्षीण की विहिरीवरची मोटर चालू असली तरी बुडून जावा.

त्यात जेटचा मोठा आवाज पुढे येतच नाही. इंजिनाच्या मागून सुटलेला तप्त झोत स्थिर हवेला फाडत जातो, भोवरे उठतात, आणि त्या भोवऱ्यांची गर्जना मागच्या बाजूला, तिरकी, सर्वात जोरात पसरते. समोरच्या माणसाला ऐकू येते ती इंजिनाच्या तोंडाशी फिरणाऱ्या पात्यांची शिट्टी, आणि तीही चढलेली. दौंडच्या फाटकाशी गाडी शिट्टी वाजवत निघून जाते तेव्हा सूर पडलेला आपल्याला कळतो. ताशी १०० किलोमीटरने येणाऱ्या गाडीची शिट्टी येताना जेमतेम नऊ टक्के चढलेली असते. आपल्या विमानाची पट्टी येताना जवळजवळ पावणेचारपट चढते आणि जाताना मूळच्या निम्म्याच्या आसपास उतरते. एवढी चढलेली शिट्टी कानाला विमानाची वाटतच नाही. एखादा कीटक, फार तर टाकीच्या नळातली हवा. बगळ्यांना मात्र ती काहीतरी वाटली असणार.

दिसण्याचंही तसंच. १० किलोमीटरवरून जाणारं प्रवासी विमान आपण निवांत बघतो, कारण डोक्यावर असताना ते सेकंदाला दीड अंशही सरकत नाही. तोच वेग धरून १०० मीटरवरून जाणारं विमान सेकंदाला १४० अंशांहून जास्त सरकतं. म्हणजे बघता बघता नव्हे, बघायच्या आत गेलेलं. म्हणूनच अशा विमानाची आठवण सांगणारा प्रत्येक जण ‘वैमानिक दिसला, हेल्मेट दिसलं’ असं सांगतो, तेव्हा मी मान डोलावतो आणि मनातल्या मनात थोडी सूट धरतो.

पण एवढ्या खाली यायचंच कशाला? पक्षी आहेत, तारा आहेत, टेकड्या आहेत. खालच्या जाड हवेत इंधन भराभर जळतं. हा सगळा त्रास रडार चुकवण्यासाठी.

रडारच्या लहरी जवळपास सरळ जातात, जमीन मात्र वाकलेली आहे. २५ मीटर उंचीवर अँटेना असेल, तर ३,००० मीटरवरून येणारं विमान तिला साधारण २४५ किलोमीटरवरून दिसू शकतं. तेच विमान ५० मीटरवर उतरलं, की ५० किलोमीटरपर्यंत ते क्षितिजाखालीच. ताशी ९०० किलोमीटरच्या हिशेबाने पहिल्या खेपेला हातात सोळा मिनिटं मिळतात, दुसऱ्या खेपेला सव्वातीन. हे सपाट माळावर. मध्ये डोंगर असेल तर तेवढीही नाहीत. आपली जॅग्वार, हवाई दलातलं तिचं नाव ‘शमशेर’, अशाच कामासाठी घडवलेली: जमिनीला लगटून शत्रूच्या हद्दीत शिरायचं, बॉम्ब टाकायचे, तसंच परतायचं.

इथे मला कायम गंमत वाटत आलेली गोष्ट अशी की, विमान जितकं खाली येतं तितकं ते यंत्रापासून लपतं आणि तितकंच माणसाला उघडं पडतं. कोट्यवधींच्या रडारला जे दिसत नाही, ते पाण्याची दारं मोडणाऱ्या मामाला दिसतं. अर्थात उशिरा.

लपण्यासाठी खाली येण्याचा एक प्रसंग आपल्या शेजारचाच. १८ डिसेंबर १९६१, गोवा मुक्तीची कारवाई. पुण्याहून गेलेल्या १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर काही मिनिटांत ६३,००० पौंड स्फोटकं टाकली. मागून आणखी आठ कॅनबेरा. धावपट्टी उखडायची पण टर्मिनलची इमारत शाबूत ठेवायची असा हुकूम होता. पुढे ती आपल्यालाच वापरायची होती. म्हणून दोन मोठी पोर्तुगीज विमानं उभी होती तशी राहून गेली. त्याच रात्री धावपट्टीचा एक तुकडा घाईघाईने बुजवून, अधिकाऱ्यांची कुटुंबं भरून ती दोन्ही उडाली आणि अंधारात, समुद्रावरून अगदी कमी उंचीवरून, भारतीय गस्तीला चकवून कराचीला पोचली. त्या रात्री किनाऱ्यावरच्या एखाद्या रापणकाराने चार-चार पंख्यांची ती घरघर ऐकली असेल, तर त्याला ती कुणाची वाटली असेल, हा विचार मला दाबोळीला उतरताना दर वेळी येतो.

दुसरा प्रसंग याच्या अगदी उलट, सगळ्या शहराने पाहिलेला. डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्यात परदेशी पत्रकार इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलच्या गच्चीवरून हवाई हल्ले बघत होते. १४ तारखेला विंग कमांडर बी. के. बिश्नोई यांना गुवाहाटीहून मिग-२१ घेऊन ढाक्यातल्या एका इमारतीवर जायचा हुकूम आला. वेळ इतका थोडा की लक्ष्य शोधायला हाती होता पर्यटकांसाठी छापलेला शहराचा नकाशा. त्यात निघता निघता निरोप आला, ती इमारत नव्हे, गव्हर्नमेंट हाउस. आता ताशी शेकडो किलोमीटरच्या वेगात, दाटीवाटीच्या शहरावर, हिरव्यागार आवारातला जुन्या वळणाचा घुमट शोधायचा. मघाचं अंशांचं गणित इथे वैमानिकाच्या बाजूने लावून बघा: त्यालाही खालचं शहर तितक्याच वेगाने पळताना दिसतं. घुमट सापडला, रॉकेट्स सुटली, आणि आतल्या तळघरात पूर्व पाकिस्तानचे राज्यपाल ए. एम. मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा लिहिला.

युद्ध नसतानाही हा खेळ महागात पडतो. ३ फेब्रुवारी १९९८ ला इटलीतल्या कावालेझेजवळ सरावाला निघालेल्या अमेरिकी मरीनच्या प्राउलर विमानाने बर्फावर खेळायला आलेल्या लोकांच्या रोपवेची केबल कापली. पाळण्यातले वीसच्या वीस जण गेले. उडायची परवानगी ६०० मीटरच्या वर, केबल जमिनीपासून सुमारे ११० मीटरवर. मोडकं विमान तळावर सुखरूप उतरलं.

याच्या तुलनेत वेल्समधली हौस निरुपद्रवी. तिथे डोंगरदऱ्यांतून ब्रिटिश विमानं कमी उंचीचा सराव करतात आणि हौशी लोक थर्मास घेऊन डोंगराच्या उतारावर बसतात, कारण विमान दरीतून जातं आणि ते वरून बघायला मिळतं. त्या जागेला ‘मॅक लूप’ म्हणतात. मॅक म्हणजे आवाजाच्या वेगाचा मॅक नव्हे. जवळच्या गावाच्या लांबलचक वेल्श नावाचा तो तुकडा आहे.

आता प्रश्न संरक्षणाचा. यंत्राला दिसत नाही, माणसाला उशिरा दिसतं, मग करायचं काय? माणूसच पुढे नेऊन बसवायचा. आपल्या हवाई दलाने सीमेलगत फिरत्या निरीक्षण चौक्या ठेवल्या: दोन-चार जवान, दुर्बीण, वायरलेस सेट. विमान दिसलं की दिशा, संख्या, अंदाजे उंची, एवढंच बोलायचं. चौकी पन्नास किलोमीटर पुढे असेल तर मामाचं ‘गेलं कवा’ मागच्या तळाला ‘येतंय’ म्हणून कळतं. मला या सगळ्या विषयातलं हे सर्वात शहाणपणाचं यंत्र वाटतं, आणि त्याला यंत्र म्हणायचं तर त्यात सेटची बॅटरी सोडून काहीच नाही.

ब्रिटिशांनी त्याआधी कानावर भिस्त ठेवून पाहिली होती. १९२०-३०च्या सुमारास केंटच्या किनाऱ्यावर, डेंज इथे, त्यांनी सिमेंट काँक्रीटच्या प्रचंड वाट्या आणि २०० फूट लांबीची एक वाकडी भिंत बांधली. दूरचा घरघराट त्यात गोळा व्हायचा आणि माणूस किंवा मायक्रोफोन तो ऐकायचा. विमानांचा वेग वाढत गेला तसा मिळणारा अवधी आटला. आपण वर केलेली वजाबाकीच ती: विमान आवाजाच्या वेगाजवळ जाऊ लागलं की उरतंच काय? मग रडार आलं आणि भिंती गवतात उभ्या राहिल्या.

पुढे विमानातच बसवलेली, वरून खाली बघणारी रडारं आली आणि खालून उडण्याची मिजास थोडी उतरली. खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रांनी उरलीसुरली उतरवली. १९९१ च्या आखाती युद्धात ब्रिटिश टोर्नाडो सुरुवातीला इराकी धावपट्ट्यांवर अगदी खालून गेली, काही गमावली, आणि थोड्याच दिवसांत वर सरकली. १९९९ मध्ये कारगिलला आपल्यालाही हा धडा मिळाला.

पण डेंजच्या भिंतींचं नशीब पुन्हा फिरलं आहे. युक्रेनवर येणारी शाहेद ड्रोन सावकाश आणि खालून येतात, त्यांच्या इंजिनाचा आवाज मोपेडसारखा. ती टिपायला युक्रेनने देशभर खांबांवर साधे मायक्रोफोन लावून त्यांचं जाळं केलं आहे. ताशी २०० किलोमीटरच्या आसपास जाणारं ड्रोन म्हणजे कानाला पुन्हा भरपूर सवड. कुकरच्या शिट्टीसारखी ही घरघर कुणी खुर्चीवर बसून मोजत नाही, संगणक मोजतो, एवढाच फरक.

विमान आवाजाहून वेगाने आलं तर मात्र खांबावरचा मायक्रोफोनही गप्प. आवाज मागेच राहतो आणि विमान निघून गेल्यावर एकदम धडाड्कन येऊन कोसळतो. मे २०२० मध्ये बंगळुरूकरांनी भर दुपारी ऐकला तो हाच. भूकंप झाला की काय म्हणून लोक घराबाहेर आले होते. पुढच्या आठवड्यात तो.