न खेळलेल्या खेळाडूचा शनिवार

सकाळी ६.१०
आमच्या घराच्या बेसमेंटमधला दिवा लागला. खाली राहणारा मुलगा एकवीस वर्षांचा आहे. आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघात आहे. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, अंडाकृती चेंडूचा, अंगावर चिलखत चढवून खेळायचा. आज दुपारी अडीचला घरच्या मैदानावर सामना आहे. पहिल्या फळीतले खेळाडू कालपासून हॉटेलात उतरलेत. त्या यादीत याचं नाव नाही. म्हणून तो स्वतःच्या पलंगावरून उठतो, स्वतःचं ओटमील शिजवतो, वर दोन केळी कापून घालतो आणि भांडं लगेच घासून ठेवतो.

तो वॉक-ऑन आहे, म्हणजे शिष्यवृत्तीविना संघात आलेला. राज्यातल्या विद्यार्थ्याला इथे शिक्षण शुल्कच वर्षाला ११ हजार डॉलरच्या आसपास पडतं. ते तो आणि त्याचे वडील मिळून भरतात. खोलीचं भाडं आम्ही महिन्याला ५०० डॉलर ठरवलं होतं. पण अंगणातली पानं तो गोळा करतो, हिवाळ्यात दारातला बर्फही तोच काढतो, म्हणून आम्ही ४२५च घेतो. चौदाव्या वर्षापासून तो जुलैत बियाण्याच्या मक्याचे तुरे खुडायला जायचा. पहाटे दवात भिजायला नको म्हणून अंगावर प्लास्टिक चढवायचं, दहा वाजता तेच उकाड्याने फेकून द्यायचं. मक्याच्या पात्याने हात चिरतात. ते वण अजून दिसतात.

सकाळी ७.००
माझी मुलगी वही घेऊन खाली गेली. ती नऊ वर्षांची. त्याला दादा म्हणते. त्याच्या आईलाही आता ते माहीत आहे. मुलीच्या खोलीत संघाचं पोस्टर आहे, त्यात पाच खेळाडू आहेत आणि हा नाही. तिने कोपऱ्यात स्केचपेनने त्याचा नंबर लिहिलाय. तो नंबर इथे देत नाही, त्यानेच नको म्हटलं.

दोघांचा नियम ठरलेला आहे. तो अकाउंटिंग वाचतो तोवर तिने गणित करायचं. बोलायचं नाही. सोमवारी त्याचा पेपर आहे. पुस्तक भाड्याने आणलेलं, त्यामुळे पेनाची रेघ ओढायची नाही, चिकटचिठ्ठ्या लावायच्या. खुर्चीच्या पायाला रबरी पट्टा बांधलाय. वाचता वाचता तो पाऊल त्यात अडकवून पुढे-मागे ताणतो. उजव्या घोट्याचं जुनं दुखणं आहे.

सकाळी ८.४५
सायकल काढली. संघातल्या बऱ्याच मुलांकडे मोपेड आहे. ‘पेट्रोल वाचतं, मॅम,’ एवढंच तो सायकलीबद्दल म्हणतो.

एका न्यायालयीन समझोत्यामुळे १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. सगळे खेळ मिळून एका विद्यापीठाला पहिल्या वर्षाची मर्यादा होती सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. त्याच समझोत्यात फुटबॉलच्या यादीला १०५ खेळाडूंची मर्यादा पडली. त्या पैशातलं याच्या खात्यात काही येत नाही. १०५ जणांत आपण उरतो का, ते मात्र त्याला दर वर्षी बघावं लागतं.

सकाळी १०.००
हे त्याने सांगितलेलं. आधी जेवण. २०१४मध्ये नियम बदलला, तेव्हापासून वॉक-ऑनलाही संघाच्या खर्चाने खायला मिळतं. कोंबडी, पास्ता, अंडी. घरचं वाणसामान त्याला महिन्याला जेमतेम शंभर डॉलरचं लागतं, ते यामुळेच.

मग टेप. लाकडी टेबलावर पाय लांब करून बसायचं, घोटा काटकोनात धरायचा. आधी पातळ फोम गुंडाळतात. मग दीड इंची पांढरी पट्टी. आतल्या बाजूने टाचेखालून बाहेर, अशी तीनदा. मग टाचेभोवती दोन्हीकडून फास. ट्रेनरचा हात थांबत नाही, पट्टी प्रत्येक वळणाला हाताने फाडतो. एका घोट्याला दोन मिनिटं लागतात. खेळणाऱ्याला जसं बांधतात तसंच न खेळणाऱ्यालाही बांधतात. संध्याकाळी कात्रीने कापून ते कचऱ्यात जातं.

हेल्मेट कपाटात टांगलेलं असतं. काळं, बाजूला पिवळा ससाणा आणि एक गोल पिवळा स्टिकर: ‘अमेरिकेला शेतकरी हवेत’ अशा अर्थाच्या वाक्याची तीन इंग्रजी आद्याक्षरं. १९८५मध्ये आयोवात कर्जापायी शेतं लिलावात निघत होती, तेव्हा प्रशिक्षक हेडन फ्राय यांनी तो लावायला सुरुवात केली. याच्या आजोबांनी त्याच वर्षांत निम्मी जमीन विकली. आज वडील सामन्याला येणार नाहीत. मक्याची काढणी चालू आहे. ते हार्वेस्टरमध्ये रेडिओ लावतील. खेळाडूला घरच्या सामन्याचे चार पास मिळतात. दोन आई आणि बहिणीला, उरलेले दोन आम्हाला.

सकाळी ११.३०
मी आणि मुलगी चालत निघालो. मेलरोज अव्हेन्यूवरच्या लोकांनी आपली अंगणं गाड्यांना भाड्याने दिलीत. पाट्यांवर ४० डॉलर, पुढे ५०. एक आजी घडीच्या खुर्चीत बसून नोटा मोजतायत. धुरात टर्कीच्या तंगड्या भाजतायत. वास छान येतो, पण आम्ही डबा आणलाय. पोळी-भाजी.

दुपारी १२.२०
स्टेडियमच्या दारात नाइल किनिक यांचा पुतळा आहे. १९३९चा हाइजमन करंडक त्यांना मिळाला, कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान. वर्गाचे अध्यक्ष, अभ्यासात वरच्या रांगेत, पुढे कायद्याला प्रवेश. २ जून १९४३ला नौदलाच्या सरावाच्या उड्डाणात व्हेनेझुएलाजवळ विमान समुद्रात पडलं. वय २४. १९७२ पासून स्टेडियमला त्यांचं नाव आहे. पुतळ्यापाशी कांस्याचं हेल्मेट आहे, त्याला हात लावून संघ आत जातो. इतक्या हातांनी ते घासून चकचकीत झालंय.

संघाच्या बस आल्या. कठड्याला पोरांची गर्दी. मोठ्या नावांना हाका. ती मुलं थांबतात, सही करतात, पुढे सरकतात. आमचा मुलगा बराच मागे होता. पाच-सहा वर्षांच्या एका पोराने टोपी आणि मार्कर पुढे केला. कोण आहे हे त्या पोराला ठाऊक नसावं, जर्सीसारखा कोट दिसला एवढंच. हा गुडघ्यावर बसला. टोपी कुठे धरू, कुठे सही करू, ते पोराला विचारलं. पोराने बोट ठेवलं तिथे सही केली, खाली नंबर घातला, मार्करला टोपण लावलं आणि मार्कर उलटा धरून परत दिला. पोराच्या शर्टाला शाई लागली नाही.

मुलीने हे सगळं पाहिलं. ती काही बोलली नाही. मी मुद्दाम काही समजावलं नाही.

दुपारी १.४०
सराव. तो उराशी जाड पॅड धरून उभा आहे आणि पहिल्या फळीतले एकेक जण येऊन त्यावर आदळतायत. आदळणाऱ्याचं वजन शंभर-सव्वाशे किलो. पंधरा-वीस धडका झाल्या. मग इकडेतिकडे गेलेले चेंडू गोळा करून पिशवीत भरले.

त्याची खरी नोकरी मंगळवार-बुधवारची. तालमीत मोठ्या मल्लाला लढत द्यायला जोडीचा पोरगा असतो, तसं त्याचं काम आहे. येणाऱ्या शनिवारी समोर जो संघ असेल, त्याचा टाइट एंड, म्हणजे समोरच्याला अडवणारा आणि चेंडूही झेलणारा खेळाडू, याने व्हायचं. प्रशिक्षक पुठ्ठ्यावर मार्करने काढलेला डाव वर धरतात. हा तो बघतो, तसा धावतो, तसा मार खातो. पुढचा पुठ्ठा. थंडीत, पावसात. आपला डाव शिकायला त्याला वेळ उरत नाही, तो दर आठवड्याला दुसऱ्याचाच शिकतो.

याच मैदानावर डॅलस क्लार्क असाच वॉक-ऑन म्हणून आला होता. त्याने इथलं गवत कापायचं कामही केलं. २००२मध्ये देशातला सर्वोत्तम टाइट एंड ठरला, पुढे व्यावसायिक लीगमध्ये खेळला, सुपर बोल जिंकला. ही गोष्ट इथे प्रत्येक वॉक-ऑनला कुणीतरी सांगतं. आमच्या मुलाला ती पाठ आहे. आपलं तसं होणार नाही हेही त्याला माहीत आहे. त्याला बँकेत शेतीकर्जाच्या विभागात काम करायचंय.

दुपारी २.२५
संघ बोगद्यातून बाहेर येतो. धावत येत नाहीत, एकमेकांचे हात धरून, घोळक्याने, संथ पावलं टाकत येतात. जवळपास सत्तर हजार माणसं उभी. मुलीला शेवटून तिसऱ्या ओळीत नंबर सापडला.

दुपारी ३.१५
पहिलं क्वार्टर संपलं. सगळं स्टेडियम एका बाजूला वळलं.

रस्त्यापलीकडे विद्यापीठाचं मुलांचं हॉस्पिटल आहे. नवी इमारत २०१७मध्ये सुरू झाली. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या काचांतून थेट मैदान दिसतं. त्या वर्षी एका चाहतीने फेसबुकवर सुचवलं की सामन्यात एकदा सगळ्यांनी वर बघून हात हलवावा. २ सप्टेंबर २०१७ला पहिल्यांदा हलवला. तेव्हापासून एकही घरचा सामना त्याशिवाय होत नाही. पाहुणा संघ हलवतो, पंच हलवतात, पॉपकॉर्न विकणारे ट्रे खाली ठेवून हलवतात. त्याच्याही आधीपासून, २००९ पासून, दर घरच्या सामन्याला हॉस्पिटलमधला एक मुलगा किंवा मुलगी ‘किड कॅप्टन’ असते. जर्सी घालून मैदानात येते.

मी विद्यापीठाच्या रुग्णालयात प्रयोगशाळेत काम करते. त्या काचांमागच्या मुलांच्या रक्ताच्या नळ्या माझ्या टेबलावरून जातात. नळीवरचं नाव जुळवायचं आणि तिथेच सोडायचं, असं मी ठरवून घेतलंय. शनिवारी मात्र मी वर बघते. काचेला टेकलेली डोकी, सलाइनच्या काठ्या, कडेवर घेतलेलं एखादं बाळ.

आमच्या मुलाने हेल्मेट काढून काखेत घेतलं होतं. उजवा हात वर. मिनिटभराने स्टेडियम सैल पडलं, लोक बसू लागले, खेळाडू प्रशिक्षकाकडे वळले. त्याचा हात वरच होता. शिट्टी वाजली तेव्हा खाली आला. याबद्दल मी त्याला मागे एकदा विचारलं होतं. ‘वर एक-दोन जण हलवतच असतात, मॅम. आपण आधी थांबलो तर त्यांना दिसतं.’

कॉलेजच्या जर्सीतली सगळीच मुलं अशी असतात असं मी म्हणणार नाही. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेली, मारामारीत सापडलेली मुलंही याच खेळात आहेत. मुलं ज्यांची पोस्टरं लावतात त्यांचीही नावं बातम्यांत येतात. पण माझ्या मुलीने कुणाकडे बघून वाढावं असं मला कुणी विचारलं तर मी या मुलाकडे बोट दाखवीन. सत्तर हजारांत त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं आणि त्याचा हात वर होता.

दुपारी ४.०५
मध्यांतर. पोळी-भाजी. पाण्याची बाटली इथे ५ डॉलरला. नळाला रांग कमी होती, तिथून भरून आणली.

संध्याकाळी ५.२०
पाहुण्यांचा संघ आमच्या दाराशी आलेला. डाव सुरू झाला. त्यांचा टाइट एंड आधी अडवायला थांबल्यासारखा वाकला, एक श्वास थांबला आणि मग हळूच मधे सुटला. फसायला हवं होतं. आमचा लाइनबॅकर, म्हणजे बचावातला खेळाडू, फसला नाही. तो आधीच तिथे उभा होता. चेंडू हातात पडायच्या क्षणी त्याने त्याला आडवा केला. स्टेडियम पेटलं. पाच सेकंदांचा खेळ.

सीमारेषेवर आमचा मुलगा दोन्ही मुठी आवळून उड्या मारत होता. लाइनबॅकर बाहेर आला तो सरळ त्याच्याकडे. हेल्मेटवर हेल्मेट आपटलं. ‘त्याच्याकडेच का गेला, आई?’ मुलीने विचारलं. रात्री त्यालाच विचार, मी म्हटलं.

संध्याकाळी ६.०५
सामना जिंकला. आमचा मुलगा एक मिनिटही मैदानात उतरला नाही. जर्सी धुतल्यासारखी कोरी.

कॉलेज खेळांच्या नियमांत आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तो ३ तासांचा धरतात. तो सकाळी पावणेनऊला निघाला होता. घरी आला तेव्हा पावणेआठ झाले होते.

रात्री ७.४५
आई आणि बहीण आधीच आमच्या स्वयंपाकघरात. आईने शीतपेटीतून घरच्या डुकराचं मांस आणलं होतं, तो पुढच्या दोन आठवड्यांचा साठा. मी वरणभात केला. त्याने तीनदा घेतला. वडिलांचा फोन आला. शेवटच्या ऐंशी एकरांची काढणी राहिलीय, पाऊस यायच्या आत उरकायची. सामन्यावर ते दोन वाक्यं बोलले, दाण्यातल्या ओलाव्यावर दहा. फोन ठेवल्यावर त्याने आईच्या गाडीत पेट्रोल भरायला २० डॉलर दिले. आईने घेतले नाहीत. त्याने ते डॅशबोर्डवर ठेवले.

रात्री ८.५०
मुलीने विचारलंच. त्याने टेबलावर तिचे खोडरबर मांडले. हा निळा म्हणजे त्यांचा टाइट एंड. इथे थांबतो, एक मोजतो, मग पळतो. ‘मंगळवारी आणि बुधवारी हा मी होतो. हाच डाव मी आपल्या लाइनबॅकरला वीस वेळा तरी करून दाखवला. पहिल्या सात-आठ वेळा तो फसला. चिडला माझ्यावर.’

‘मग आज टाळ्या त्याला का?’

‘पाडलं त्यानेच ना.’

तिला हे पटलं नाही. तिने खोडरबर परत मांडले, आणि या वेळी सीमारेषेवर एक हिरवा ठेवला.

‘पुढच्या शनिवारी तू खेळणार?’

‘माहीत नाही. मंगळवारी मात्र खेळणार. त्यांचा टाइट एंड माझ्याहून चार इंच उंच आहे, म्हणजे उड्या वाढवायला लागतील.’