विषाणूचे रिकामे कवच

अंबरनाथ एमआयडीसीजवळच्या एका शाळेत आठवी-नववीतल्या मुलींच्या आयांशी बोलायला आम्ही गेलो होतो. बहुतेकजणी कारखान्यांत पॅकिंगच्या कामाला जाणाऱ्या, त्यामुळे सभा सुट्टीच्या दिवशी ठेवली होती. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा विषय निघताच एका आईने विचारले, "माझी मुलगी तेरा वर्षांची. तिचं लग्न व्हायला अजून किती वर्षं आहेत! मग हे इंजेक्शन आताच कशाला?" वर्गशिक्षिका बाई आमच्याकडे पाहू लागल्या. त्यांना उत्तर माहीत होते, पण ते चारचौघांत कोणत्या शब्दांत सांगायचे, ही अडचण होती.

ही अडचण शिक्षकांपैकी अनेकांची असते, म्हणून मुळापासून सुरुवात करू.

गर्भाशयमुखाचा, म्हणजे गर्भाशय योनीत उघडते त्या भागाचा कर्करोग भारतात २०२२ साली सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा जागतिक अंदाज आहे. त्याचे कारण जवळजवळ नेहमीच एक विषाणू असतो: ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. हे हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले आणि त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यांपैकी १६ आणि १८ या क्रमांकांचे दोन प्रकार मिळून या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना जबाबदार असतात.

विषाणू पसरतो तो लैंगिक संबंधातून, त्वचेला त्वचा लागून. निरोधाने धोका कमी होतो, पण पूर्ण टळत नाही. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा संसर्ग होतो. तेव्हा 'हा आजार वाईट चालीच्या बाईला होतो' ही समजूत निखालस खोटी आहे. एकाच नवऱ्याबरोबर संसार केलेल्या स्त्रीलाही तो होतो. दहापैकी नऊ वेळा शरीर दोनएक वर्षांत विषाणूला हाकलून देते. जिथे तो ठाण मांडतो तिथे पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग होऊ शकतो.

आता लस. विषाणूच्या बाह्य कवचात एल-वन नावाचे प्रथिन असते. त्याचे जनुक यीस्टच्या पेशीत घातले की यीस्ट ते प्रथिन बनवते, आणि ३६० रेणू आपोआप एकमेकांना जुळून हुबेहूब विषाणूसारखे कवच तयार होते. आत डीएनए नाही, म्हणजे घर आहे पण घरमालक नाही. त्यापासून संसर्ग होणे शक्यच नाही. शरीर मात्र फसते आणि प्रतिपिंडे बनवून ठेवते. पुढे खरा विषाणू आला की ती त्याला पेशीत शिरण्याआधीच अडवतात. आधीच शिरलेल्या विषाणूपुढे लसीचा इलाज चालत नाही. त्या आईच्या 'आताच कशाला'चे उत्तर हे आहे: विषाणूशी गाठ पडण्याआधी लस द्यायची असते, म्हणून ९ ते १४ हे वय. मुलीच्या वागण्याबद्दल त्यात काहीही गृहीत धरलेले नसते.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या सर्व्हाव्हॅक या लसीला २०२२ साली परवानगी मिळाली. पण महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध त्याहून जुना आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाभोवती १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्या अनुभवाच्या बळावर १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. सुमारे ३४ हजारांच्या एका गटाची फक्त एकदा एचपीव्ही तपासणी केली. सुमारे ३१ हजारांच्या दुसऱ्या गटाची कोणतीच तपासणी केली नाही. आठ वर्षांत पहिल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, दुसऱ्यात ६४. एकाच तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती आम्हाला रास्त वाटते.

बार्शी हे लसीच्या एका चाचणीचेही केंद्र होते. २००९ मध्ये दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हे पाहायला ती सुरू झाली. त्याच सुमारास आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील बडोदे जिल्ह्यांत एक वेगळा लसीकरण प्रकल्प चालू होता. त्यातील सात मुलींच्या मृत्यूंवरून वादळ उठले आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने लस देणे सगळीकडेच थांबवले. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. पण कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचे उघड झाले. आपल्या हाती कोणी असा कागद दिला, तर सही पालकांचीच घ्यावी, तीही समजावून सांगून.

या थांबण्यातून एक अनपेक्षित गोष्ट हाती आली. सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली होती. दहा वर्षे त्यांची पाहणी केली, तेव्हा १६ व १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून त्यांनाही सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्राही चालेल असे म्हटले, त्यामागे या मुलींचा मोठा वाटा आहे.

सभा संपता संपता त्याच आईने हळूच विचारले, "आणि माझं काय हो? माझं वय अडतीस." त्यांच्यासाठी लसीपेक्षा तपासणी महत्त्वाची. सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल गर्भाशयमुखाला लावले की मिनिटभरात बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. अंबरनाथच्या कारखान्यांत हे आम्ल नेहमीचेच. इथे ते व्हिनेगरइतके पातळ असते. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून ही तपासणी करून घेतली आणि त्या गटातील मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी सरकारी आरोग्य कार्यक्रमात हीच तपासणी आहे, दर पाच वर्षांनी. लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर ती करून घ्यायची, कारण लसीत विषाणूचे सगळे घातक प्रकार येत नाहीत.

बाईंनी फळ्यावर गर्भाशयाची आकृती काढली आणि 'गर्भाशयमुख' हा शब्द त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिला. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "मुलग्यांना देतात का ही लस?" देता येते. घशाचे आणि शिश्नाचे काही कर्करोगही याच विषाणूमुळे होतात.