खडखड नेमकी कधी होते?

‘पोटात दुखतं’ एवढ्यावर डॉक्टरांना निदान करता येत नाही. कधी दुखतं, कशानं थांबतं, हे विचारावं लागतं. नुकत्याच घेतलेल्या सेकंड हँड गाडीच्या ब्रेकलाही हेच प्रश्न लागू पडतात.

रहदारी नसलेल्या रस्त्यावर काचा खाली करून गाडी हळू चालवा. खड्ड्यातून जाताना चाकाकडून खडखड येते आणि ब्रेकवर हलका पाय ठेवताच थांबते? मग संशय ब्रेक पॅड किंवा कॅलिपरवर घ्या. पॅड डिस्कवर दाबले गेले की सैल भाग घट्ट धरला जातो, म्हणून आवाज बंद होतो. दोष मात्र तिथेच असतो. ब्रेक दाबूनही खडखड तशीच राहिली, तर कारण बहुधा सस्पेन्शनमध्ये असतं. ब्रेक मारताक्षणी ‘टक्’ असा आवाज आला, तर कॅलिपरचा बोल्ट सैल असू शकतो. तो निसटला तर कॅलिपर चाकात अडकण्याचा धोका असतो.

ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. त्यामुळे ‘टक्’ आवाज येत असेल, पेडल मऊ लागत असेल किंवा ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ती चालवत गॅरेजला नेऊ नका. मेकॅनिकलाच घरी बोलवा. त्याला नुसतं ‘ब्रेक बघा’ म्हणू नका, आवाजाची वेळ सांगा. पॅड नुकतेच बदलले असतील, तर त्यांच्या क्लिपा जागेवर आहेत का, हेही चाक काढून पाहायला लावा.